मॅक्स आबेगलेन

मॅक्स आबेगलेन (१९०२–१९७०) हा दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला स्वित्झर्लंडच्या फुटबॉलमधला सगळ्यात मोठा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा पुढचा खेळाडू. जन्म जिनिव्हाचा. रोमन लिपीत मॅक्स लिहायला एम, ए, एक्स ही तीनच अक्षरं लागतात, ती उलटी वाचली की झालं क्झाम, आणि हेच त्याचं टोपणनाव पडलं. पुढे क्झाम आणि मॅक्स जोडून क्झामाक्स नावाचा क्लब निघाला, तोही रोमनमध्ये कुठूनही वाचा सारखाच, आपल्या ‘चिमा काय कामाची’सारखा. आज न्यूशातेल या स्विस शहराचं नाव पुढे लावलेलं न्यूशातेल क्झामाक्स हे नाव फुटबॉल बघणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत असतं पण त्यामागे एक खेळणारा माणूस आहे हे फार थोड्यांना माहीत असतं, आणि त्याचं खरंच वाईट वाटतं कारण खेळ तसा जबरदस्त होता.

नॅशनल टीममध्ये तो १९२२ मध्ये आला आणि १९३७ पर्यंत खेळला. ६८ मॅच, ३४ गोल, म्हणजे दर दोन मॅचला एक. देशासाठी सगळ्यात जास्त गोलांचा हा स्विस रेकॉर्ड शेवटी अलेक्झांडर फ्राय याने २००८ मध्ये मोडला. मधल्या काळात कुबिलाय तुर्कयिलमाझ ३४ वर येऊन थांबला होता, पुढे कोणी गेलं नव्हतं. सत्तर वर्षं टिकलेला आकडा आहे हा!

क्लबचं म्हणाल तर न्यूशातेलचा काँतोनाल, लोझान आणि झुरिकचा ग्रासहॉपर अशी त्याची वाटचाल. ग्रासहॉपर म्हणजे चक्क नाकतोडा, पण स्विस फुटबॉलमधलं ते फार मोठं घराणं आणि मॅक्सचं नाव मुख्यतः तिथलंच.

त्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक. तेव्हा वर्ल्डकप नव्हताच, त्यामुळे ऑलिंपिक हीच जगाची स्पर्धा. स्विस टीम फार लांब जाईल असं कुणालाच वाटत नव्हतं, इतकं की त्यांचं रेल्वेचं ग्रुप तिकीट फक्त दहा दिवसांचं होतं असं सांगतात, आणि टीम जिंकतच राहिली तेव्हा मुक्काम वाढवायला पैसे कमी पडले मग एका स्विस क्रीडा वृत्तपत्राने वाचकांकडून वर्गणी गोळा केली. लिथुआनियाला ९–० हरवलं त्यात मॅक्सचे तीन. चेकोस्लोव्हाकियाशी १–१, मग रीप्लेमध्ये, म्हणजे बरोबरीमुळे पुन्हा खेळवलेल्या मॅचमध्ये, १–०. इटलीविरुद्ध २–१, त्यातला विजयी गोल मॅक्सचा. सेमीफायनलला स्वीडनविरुद्ध परत २–१ आणि दोन्ही गोल त्याचेच! ९ जूनच्या फायनलला मात्र समोर उरुग्वे होतं, ते त्या काळात कुणालाच आवरत नव्हतं, स्विस ३–० ने हरले. तरी सिल्व्हर मेडल मिळालं आणि युरोपातली टीम म्हणून सगळ्यात वर हेच, म्हणून त्यांना तेव्हा युरोपचे अनधिकृत चॅम्पियन म्हटलं गेलं.

१९२८ च्या ऑलिंपिकला पहिल्याच मॅचमध्ये जर्मनीने ४–० ने घरी पाठवलं. १९३० च्या पहिल्या वर्ल्डकपला स्वित्झर्लंड गेलंच नाही, त्यामुळे ऐन बहरातला मॅक्स तिथे दिसलाच नाही.

घरात तो एकटा खेळाडू नव्हता. थोरला भाऊ जाँ, मधला मॅक्स आणि धाकटा आंद्रे, तिघंही देशासाठी खेळले. जुन्या टीम लिस्टमध्ये मॅक्स ‘आबेगलेन दुसरा’ आणि आंद्रे ‘आबेगलेन तिसरा’ असा छापलेला सापडतो. आंद्रेला सगळे ट्रेलो म्हणत, तो फ्रान्सच्या सोशो क्लबकडून खेळला, १९३४ आणि १९३८ चे दोन वर्ल्डकपही त्याने खेळले. १९३८ ला पॅरिसमध्येच जर्मनीविरुद्ध पहिली मॅच १–१ सुटली, रीप्लेमध्ये स्वित्झर्लंड ०–२ मागे पडलं आणि तिथून ४–२ ने जिंकलं, त्यात ट्रेलोचे दोन गोल. जर्मनीच्या टीममध्ये त्यांनी नुकत्याच गिळलेल्या ऑस्ट्रियाचे खेळाडूही होते, म्हणून स्विस लोकांना हा विजय नुसत्या फुटबॉलपेक्षा खूप मोठा वाटला. ती तारीखही ९ जूनच, मोठ्या भावाच्या फायनलनंतर बरोबर १४ वर्षांनी.