निदानोपचारी नॅनोकण

कर्करोगाचे औषध गाठीपर्यंत वाहून नेणारे आणि एमआरआय, सीटी किंवा पेट स्कॅनमध्ये स्वतः दिसणारे अतिसूक्ष्म कण. त्यांचा व्यास बहुधा १ ते १०० नॅनोमीटर असतो. काही लायपोसोम (मेदद्रव्याच्या आवरणाचे पोकळ कण) याहून मोठे असतात.

लोहऑक्साइड, सोने किंवा गॅडोलिनियम यांसारखा प्रतिमेत उठून दिसणारा घटक आणि औषध एकाच कणात बसवलेले असतात. पृष्ठभागावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडल्या, की भक्षक पेशी कणांना लगेच गिळत नाहीत आणि ते रक्तात अधिक काळ फिरतात. गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने आणि तेथील लसीकेचा (ऊतींमधील द्रवाचा) निचरा अपुरा असल्याने मोठे रेणू गाठीत साठतात, असे मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले. हा परिणाम सर्व रुग्णांत सारखा नसतो, किंबहुना एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही तो वेगळा असू शकतो. प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ मधील आढाव्यात गाठीपर्यंत पोहोचणारी मात्रा मध्यक मूल्याने जेमतेम ०.७ टक्के आढळली. उरलेल्यापैकी पुष्कळसे कण यकृत व प्लीहेत अडकतात. प्रतिमेचे खरे मोल येथेच आहे : कण गाठीत शिरलेच नसतील, तर गाठ आकसण्याची वाट न पाहता उपचार बदलता येतो.

अडचण मात्रेची आहे. एमआरआयसाठी लागणारा धातू औषधाच्या तुलनेत कितीतरी जास्त असतो. शिवाय औषध गाठीत रेंगाळावे आणि प्रतिमेचा घटक लवकर शरीराबाहेर पडावा, या अपेक्षा परस्परविरोधी आहेत. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगविरोधी औषधाने युक्त लायपोसोमला अमेरिकेत १९९५ मध्येच मान्यता मिळाली, पण ते केवळ औषधवाहक आहे. दुहेरी कण अजून नित्याच्या उपचारात आलेले नाहीत, आणि त्यांचा गाजावाजा बव्हंशी उंदरांवरील निष्कर्षांच्या बळावर होतो.

निदान व उपचार एकत्र करण्याची पद्धत मुंबईला मात्र जुनीच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन दिले जाते. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीत तयार होणाऱ्या ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी मूलद्रव्याचे बीटा कण पेशी मारतात, तर त्याचे गॅमा किरण गॅमा कॅमेऱ्यात टिपता येतात, त्यामुळे औषध कोठे साठले हे उपचारादरम्यानच दिसते. ही औषधे रेणूरूप आहेत, नॅनोकण नव्हेत. नॅनोकणांवरील काम पवईच्या आयआयटीत सोन्याचा मुलामा दिलेल्या लायपोसोमवर, तर भाभा केंद्रात चुंबकीय लोहऑक्साइडवर झाले आहे. पहिले निकट-अवरक्त प्रकाशाने, दुसरे प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्राने तापतात आणि त्या उष्णतेने पेशी मरतात.