ऑल-इन-वन संगणक: एका पेटीत दोन आयुष्यं

संगणकाचा पडदा आणि त्याचा प्रोसेसर एकाच वेगाने जुने होत नाहीत. पडदा आणि संगणक एकाच पेटीत असलेला ऑल-इन-वन डेस्कटॉप घ्यावा का, या प्रश्नाची खरी मेख इथे आहे. वायरींचा पसारा, टेबलावरची जागा, देखणेपणा हे सगळं नंतरचं.

पडद्यामागच्या एलईडींचं आयुष्य साधारण ३० ते ५० हजार तास धरतात. तेवढे तास उलटले म्हणून पडदा बंद पडत नाही, त्याचा उजेड निम्म्यावर येतो. रोज आठ तास वापरला तरी ३० हजार तास भरायला दहा वर्षं लागतात. प्रोसेसरही सहसा झिजून मरत नाही, पण सॉफ्टवेअर त्याला मागे टाकून निघून जातं. विंडोज ११ ने इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे कोअर प्रोसेसर बाहेर ठेवले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. ज्यांचं कॅबिनेट वेगळं होतं, त्यांना ते बदलून मॉनिटर तोच ठेवता आला. ऑल-इन-वनमध्ये विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकून काही वर्षं काढता येतात. ते जमलं नाही तर ठणठणीत पडदाही सोबत बाद होतो, कारण बहुतेक मॉडेलांत बाहेरून चित्र आत घ्यायची सोयच नसते.

ही सोय देणं अशक्य नाही. अ‍ॅपलचा २००९ चा २७ इंची आयमॅक केबल जोडून दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर म्हणून वापरता यायचा. २०१४ मध्ये ५१२० बाय २८८० ठिपक्यांचा ५के आयमॅक आला आणि ती वाट बंद झाली. का, ते गुणाकार करून पाहा. ठिपके १ कोटी ४७ लाख, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं: उत्तर २१ अब्ज बिटांच्या वर जातं. त्या वेळच्या डिस्प्लेपोर्ट १.२ केबलमधून सेकंदाला १७ अब्ज बिटांहून थोडीच जास्त माहिती जाऊ शकत होती. पेटीच्या आत अ‍ॅपलने त्यासाठी खास चिप बसवली होती. बाहेरून येणाऱ्या एका केबलला मात्र ते ओझं पेलणारं नव्हतं.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. प्रोसेसरच्या चिपमध्ये खर्च होणारी वीज तिच्या वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. डेस्कटॉपचे प्रोसेसर ६५ किंवा १२५ वॅटचे असतात, लॅपटॉपचे बहुधा १५ ते ४५ वॅटचे. पातळ पेटीत मोठा पंखा मावत नाही. पंख्याचा व्यास निम्मा केला, तर तेवढीच हवा ढकलायला त्याला आठपट वेगाने फिरावं लागतं, आणि आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. म्हणून कितीतरी ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपचाच प्रोसेसर बसवलेला असतो. इंटेलचं आय-७ हे नाव दोन्हीकडे सारखंच दिसतं. फरक कळतो तो क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरावरून: यू किंवा एच असेल, तर तो लॅपटॉपचा. ते अक्षर न पाहता कुणीही पैसे मोजू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

वेग आणि विजेच्या या सूत्राची दुसरी बाजू चांगली आहे. थोडा वेग सोडला की बरीच वीज वाचते. टायपिंग, ब्राउझर, हिशेबाचे तक्ते, व्हिडिओ कॉल यांत हा फरक जाणवतही नाही. अर्धा तास चालणारं व्हिडिओचं काम मात्र चिपला शंभर अंशांजवळ नेतं आणि ती स्वतःच वेग उतरवते. जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा सुरुवातीच्या थोड्या वेळाचाच असतो.

रॅम, म्हणजे संगणकाची कामापुरती मेमरी, बदलता येते का, हेही आधीच पाहावं. २०२१ चा २४ इंची आयमॅक अवघा ११.५ मिलिमीटर जाड आहे. त्याची मेमरी प्रोसेसरलाच जोडलेली आहे, म्हणजे पहिल्या दिवशी घेतली तेवढीच कायमची. फिरत्या हार्ड डिस्कचं मॉडेल तर घेऊच नये. तिला माहितीपर्यंत पोचायला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, त्याच्या शंभराव्या भागाइतके.

एकूण किंमत किती वर्षांत वाटली जाणार, हे मोजताना पडद्याचं आयुष्य धरू नये, सॉफ्टवेअरचे अपडेट मिळण्याची मुदत धरावी. वेगळ्या मॉनिटरची किंमत मात्र दोन संगणकांमध्ये विभागली जाते. इतका विचार करूनही स्वागतकक्षात, वाचनालयात, वर्गात, जिथे काम हलकं आणि ठरलेलं असतं आणि एकाच प्लगवर सगळं चालायला हवं, तिथे मी ऑल-इन-वनच सुचवेन.

घेताना मागचं एचडीएमआय हे चित्राच्या केबलचं तोंड ‘इन’ (चित्र आत घेणारं) आहे की फक्त ‘आउट’, हे विचारावं. ‘इन’ असेल तर आतला संगणक जुना झाल्यावरही पडदा कामाला येतो. नसेल तरी एक मार्ग उरतो. पडद्याच्या पॅनेलच्या पाठीवर त्याचा क्रमांक छापलेला असतो. त्याला जुळणारा, बाहेरचं चित्र पॅनेलपर्यंत पोचवणारा कंट्रोलर बोर्ड मिळाला, तर मदरबोर्ड काढून त्या पॅनेलचा साधा मॉनिटर करता येतो. फक्त पेटी उघडण्याआधी वीज पूर्ण तोडावी: पॉवर सप्लाय आतच असेल, तर प्लग काढल्यावरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ धोकादायक भार राहतो.