बालवाडीतलं मूल चावतं, फेकतं, पळून जातं : तपासणी कुठे आणि कोणत्या कागदांवर?

मूल अंगणवाडीत दुसऱ्यांना चावत असेल, हाताला येईल ते फेकत असेल, तर आईबापांना ‘एकदा डॉक्टरला दाखवा’ एवढंच सांगितलं जातं. कोणत्या डॉक्टरला, ते कुणी सांगत नाही. सरकारी यंत्रणेत यासाठी मोफत सोय आहे : २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. यात तपासल्या जाणाऱ्या ३० दोष-आजारांत बोलण्यातला उशीर, बहिरेपणा, स्वमग्नता (ऑटिझम) आणि अतिचंचलताही (एडीएचडी) आहेत.

कुणासाठी? अंगणवाडीतल्या ६ वर्षांपर्यंतच्या मुलांकडे आरोग्य पथक वर्षातून दोनदा येतं, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा. खासगी नर्सरीत पथक येत नाही; तिथल्या पालकांनी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात स्वतः चौकशी करावी. मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं हे केंद्र बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतं. आणि हो, पथकाच्या पुढच्या फेरीची वाट पाहत सहा महिने बसायचं कारण नाही. सेविकेला किंवा आशाताईंना सांगून आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवता येतं.

कागदपत्रं फारशी नाहीत. मुलाचं आधार किंवा जन्मदाखला, माता-बाल संरक्षण कार्ड, जुने उपचारांचे कागद आणि पथकाने दिली असेल तर संदर्भ चिठ्ठी (पुढे तपासायला पाठवल्याची). तपासणीसाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. कुणी मागितलं तर तसं स्पष्ट सांगा.

खरा उपयोगी कागद मात्र कुठल्याच यादीत नसतो : सेविकेची किंवा बाईंची नोंदवही. ‘फार हट्टी आहे’ हे वाक्य डॉक्टरांच्या काही कामाचं नाही. ‘साडेअकरा, खिचडीची रांग. मागच्याने ढकललं. याने त्याच्या दंडाला चावलं. मदतनीस ताईंनी कडेवर घेऊन बाहेर नेलं’ हे कामाचं आहे. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, मग मोठ्यांनी काय केलं, एवढं दोन आठवडे लिहा. चावल्यावर दर वेळी गर्दीतून सुटका होते असं दिसलं, तर रांगेत त्याला सगळ्यात पुढे उभं करून पाहा. चावणं थांबलं तरी बोलण्यात किंवा इतर वाढीत शंका असेल, तर तपासणी टाळू नका. घरी काय होतं, हेही पालकांनी वेगळं लिहावं. दोन्हीकडे चित्र सारखं नसेल, तर तीही महत्त्वाची माहिती आहे.

जिल्हा हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक अशी पदं असतात. सगळी भरलेली असतीलच असं नाही, म्हणून वार विचारून जा. कानांची तपासणी आधी करून घ्या. ऐकू न येणारं मूल ‘ऐकत नाही’ म्हणून बदनाम होतं.

स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, बहिरेपणा अशा दिव्यांगत्वाचं निदान झालं, तरच पुढचा अर्ज : सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे कागद जवळ ठेवा. त्यानंतर रुग्णालयात मूल्यांकन होतं. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. नुसती अतिचंचलता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत नाही, त्यामुळे तेवढ्यावर कार्ड मिळत नाही. उपचार मात्र मिळतात. लहान वयातलं प्रमाणपत्र अनेकदा तात्पुरतं असतं, तेव्हा त्यावरची मुदत पाहून फेरतपासणीची तारीख आधीच विचारून ठेवा.