‘दोन घास खाऊन गोळी घ्या’, एवढे पुरेसे आहे का?

औषधांच्या दुकानात गुडघेदुखीसाठी किंवा कंबरदुखीसाठी गोळी मागितली की दुकानदार पाकिटातून चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि ‘रिकाम्या पोटी घेऊ नका’ असे बजावतो. सल्ला चुकीचा नाही. त्यातून रूढ झालेला समज मात्र चुकीचा आहे. गोळी ‘गरम’ पडते, म्हणजे जठरात ती जिथे टेकते तिथे जळजळ करते, आणि म्हणून आधी दोन घास खाल्ले किंवा जोडीला ॲसिडिटीची गोळी घेतली की काळजीचे कारण उरत नाही, असे अनेकांना वाटते. तसे असते, तर डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनने जठरात व्रण होण्याचे कारणच नव्हते. प्रत्यक्षात इंजेक्शननेही तो होऊ शकतो, कारण मुख्य अपाय रक्तामार्गे होतो.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही सारी दाहशामक औषधे एकाच ठिकाणी घाव घालतात. याच गटातील ॲस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि या क्षेत्रातील कार्यासाठी १९८२च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले. दुखावलेल्या जागी ही द्रव्ये सूज आणि ठणका वाढवतात. पण जठरात तीच संरक्षक श्लेष्म्याचा थर टिकवतात. ती घडवणारे ‘कॉक्स’ नावाचे विकर (एन्झाइम) गोळीने बंद पडले की गुडघ्याला आराम मिळतो आणि त्याच वेळी जठराचे कवच विरळ होते. केवळ दाहाच्या जागीच काम करतील अशा औषधांचा मोठा गाजावाजा झाला होता. त्यांपैकी १९९९ साली बाजारात आलेले रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसल्यावर २००४ साली मागे घ्यावे लागले.

मात्र मला सर्वांत विलक्षण वाटते ती मूत्रपिंडातील प्रोस्टाग्लँडिनांची कामगिरी. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो आणि तेथील सूक्ष्म गाळण्यांमधून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, ज्यातील बहुतेक पुन्हा रक्तात शोषला जातो. प्रत्येक गाळणीला रक्त आत आणणारी एक आणि बाहेर नेणारी एक अशा दोन रोहिणिका असतात, आणि गाळण्यासाठी लागणारा दाब या दोन नळांच्या मोकळे-आवळलेले असण्यावर ठरतो. निरोगी, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसात प्रोस्टाग्लँडिनांना येथे फारसे काम नसते, म्हणूनच अशा माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. पण घाम, जुलाब किंवा रक्तस्रावामुळे शरीरातील पाणी घटले की रक्तदाब सावरण्यासाठी सर्वत्र रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्या वेळी आतला नळ प्रोस्टाग्लँडिने उघडा ठेवतात, तर अँजिओटेन्सिन नावाचे संप्रेरक बाहेरचा नळ आवळून दाब टिकवते. वेदनाशामक गोळी नेमकी या क्षणी आतला नळ आवळू देते. रुग्ण रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखे औषध घेत असेल तर बाहेरचा नळही सैल पडलेला असतो, आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर मुळात पाणीही कमी झालेले असते. ही तीन औषधे एकत्र आली की गाळण्याचा दाबच कोसळू शकतो. याचा अर्थ रक्तदाबाची गोळी मनाने बंद करावी असा नव्हे. टाळायची आहे ती वेदनाशामक.

ऊसतोडीच्या फडात अंग ठणकू लागले की गोळी घेऊन पुन्हा कोयता उचलणाऱ्या मजुराची अवस्था अशीच असते: घामाने पाणी घटलेले, आणि दुखणे दबल्यामुळे थांबण्याचे कारणही नाहीसे झालेले. दोन घास येथे काहीच वाचवत नाहीत, ॲसिडिटीची गोळीही नाही. मूत्रपिंड दुखून तक्रार करत नाही. लघवी कमी होते, पावले सुजतात आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे क्रिएटिनिन नावाचे टाकाऊ द्रव्य रक्तात वाढते. वेळीच गोळी थांबवली तर बहुधा सुधारणा होते.

‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या चूर्णांनी एका दिवसात चमत्कार घडवला, तर आनंद करण्याआधी संशय घ्यावा. अशा काही चूर्णांत तपासणीअंती डायक्लोफिनॅक आणि स्टिरॉइड सापडलेले आहे.

प्रौढ व्यक्तीने स्वतःहून आयब्युप्रोफेन घ्यायचे झाल्यास एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांच्या अंतराने, आणि दिवसभरात १,२०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नाही, ही मर्यादा आहे. ज्यांना जठरव्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. पावसाळ्यात ताप डेंग्यूचा असण्याची शक्यता असेल तर पॅरासिटामॉलवरच थांबावे, कारण दाहशामक औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात. दोन वेगळ्या नावांच्या दाहशामक गोळ्या एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो. आणि कापून दिलेल्या पाकिटावर औषधाचे नाव अर्धेच उरलेले असल्यामुळे ही चूक सहज घडते. डायक्लोफिनॅक हे ‘शेड्यूल एच’मधील, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये असे औषध आहे, ती सूचनाही अनेकदा दुकानातल्या उरलेल्या तुकड्यावरच राहते.

केवळ गुडघा दुखत असेल तर डायक्लोफिनॅकचे मलम आधी वापरून पाहावे, कारण त्यातून रक्तात पोहोचणारे औषध गोळीच्या तुलनेत सहा टक्क्यांच्या आसपासच असते. गोळी चालू असताना शौच डांबरासारखी काळी झाली, तर पोट दुखत नाही म्हणून वाट पाहू नये. जठरातून रक्त जात असतानाही ते दुखणे हीच गोळी दाबू शकते.