फर्स्ट फ्लश दार्जिलिंग म्हणजे ग्रीन टी नव्हे

परवा आत्या आलेली, तिला मार्चच्या तोडणीचा, म्हणजे वर्षातल्या पहिल्या बहराचा (फर्स्ट फ्लश) दार्जिलिंग चहा करून दिला, तर कपात डोकावूनच म्हणाली, अगं हा ग्रीन टी ना, मला नको बाई, कडू लागतो. आणि तिचा काही दोष नाही हो, कारण फिकट सोनेरी पाणी, पत्तीत हिरवी पानं, कुणालाही तसंच वाटेल. मी ज्या दुकानातून हा घेतला तिथल्या माणसानेही मला तो ‘ग्रीन टीसारखाच’ म्हणून दिला होता, आणि मी घरी येऊन तसाच कोमट पाण्यात केला, तर कपात काहीच उतरलं नाही, नुसतं वासाचं पाणी. तेव्हापासून मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पिते आणि आता मला हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक सगळा पान खुडल्यानंतर काय होतं त्यात. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, चहाच्या पानातही तेच होतं, पान चुरगळलं की आतलं एन्झाइम आणि हवा एकत्र येतात आणि पान तांबूस व्हायला लागतं. ग्रीन टीमध्ये हे होऊच देत नाहीत. पान आलं की लवकरच त्याला उष्णता देतात, जपानमध्ये बहुतेक वाफ, चीनमध्ये बहुतेक कढईत परतून, आणि एन्झाइम तिथेच मरतं. मग पान वळा, वाळवा, हिरवं ते हिरवंच राहतं.

फर्स्ट फ्लशचं तसं नाही. हिवाळाभर झोपलेली झुडपं फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये जागी होतात, तेव्हाची पहिली कोवळी फूट, दोन पानं आणि एक कळी. ती आधी रात्रभर जाळीच्या लांब ट्रफवर (पन्हाळीसारख्या टाक्यांवर) पसरतात, खालून पंख्याची हवा, आणि सकाळपर्यंत पानातलं निम्म्याहून जास्त पाणी उडालेलं असतं. मग वळतात, थोडा वेळ तांबूस होऊ देतात, मग भट्टीत वाळवतात. (या मधल्या पायरीला बागेतले लोक फर्मेंटेशन म्हणतात पण त्यात इडलीच्या पिठासारखं आंबणं काही नसतं.) आता गंमत अशी की पान एवढं सुकलेलं असतं की एन्झाइमला काम करायला ओलावाच पुरत नाही, त्यामुळे पानाचा काही भाग तांबूस होतो आणि काही हिरवाच राहून जातो. बाजारात हा ब्लॅक टी म्हणूनच विकला जातो. पूर्ण काळा नाही हे मला मान्य आहे, पण ग्रीन तर नाहीच नाही, कारण ग्रीनमध्ये उष्णता आधी येते आणि इथे अगदी शेवटी.

ओळखायचं कसं, तर कपाच्या रंगावर जाऊ नका, चहा गाळल्यावर गाळणीतली भिजलेली पत्ती ताटलीत पसरा आणि उजेडात बघा. ग्रीन टीची पानं सगळी एका रंगाची दिसतात, वाफवलेल्या पालेभाजीसारखी. फर्स्ट फ्लशमध्ये एकाच पानावर दोन रंग सापडतात, मधे हिरवं आणि कडेला, जिथे पान मुरगळलं गेलंय तिथे, तांब्याच्या भांड्यासारखी झाक. मी आत्याला हेच दाखवलं, चष्मा लावून तिने पान उलटसुलट करून बघितलं आणि मग कप हातात घेतला.

वासातही कळतं. ग्रीन टीमधला जपानी सेंचा घेतलात तर वाफवलेल्या पालकाकडे जाणारा वास, चिनी कढईत परतलेला लोंगजिंग असेल तर हुरडा भाजताना येतो ना तसा काहीसा. फर्स्ट फ्लशला फुलांचा वास असतो आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना एक खरखरीत चुणचुण राहते, ती ग्रीनमध्ये मला कधी मिळाली नाही. मला स्वतःला फर्स्ट फ्लश जास्त आवडतो, तो थोडा निवल्यावर तर आणखी छान लागतो.

पाकिटावर ‘एसएफटीजीएफओपी’ असं लांबलचक काहीतरी असतं, त्यातला ‘जी’ ग्रीनचा नाही, गोल्डनचा आहे, आणि ही पत्तीची प्रत आहे, प्रकार नाही. अजून एक घोळ म्हणजे दार्जिलिंगच्या काही बागा खराखुरा ग्रीन टीही बनवतात, त्यामुळे नुसतं ‘दार्जिलिंग’ वाचून घेऊ नका, ग्रीन लिहिलंय का, फ्लश कुठला, तोडणी कुठल्या वर्षाची हे बघा. दार्जिलिंग या नावाला 2004 मध्ये भारतातला पहिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तो शिक्काही बघून घ्या.

करायचं असं. दोन्हीला कपभर पाण्याला म्हणजे साधारण 200 मिलीला 2 ते अडीच ग्रॅम पत्ती, ही पत्ती हलकी असते म्हणून चमच्याने मोजू नका, छोटा वजनकाटा असेल तर बरं. ग्रीनला पाणी 70 ते 80 डिग्री आणि दोन मिनिटं, जास्त गरम घातलंत की कडूजहर, आत्याला जो आवडला नव्हता तो नक्की असाच कुणीतरी उकळलेला असणार. फर्स्ट फ्लशला 90 च्या आसपास, उकळी आली की गॅस बंद करून एक-दोन मिनिटं थांबा, मग ओता, तीन मिनिटं झाकून ठेवा आणि सगळं गाळून घ्या, पत्ती पाण्यात तशीच सोडू नका. दूध दोन्हीत नको. दुधाच्या चहाला आपली आसामची सीटीसी (यंत्रात चुरून केलेली दाणेदार पत्ती) आहेच, तिथे तीच हवी.