करड्या गाड्यांचा कंटाळा

भल्यामोठ्या पार्किंगमध्ये लाल गाडी लावून गेलेला माणूस परत येतो, एकदा नजर फिरवतो आणि सरळ गाडीकडे चालू लागतो. करडी गाडी लावून गेलेला रांगेमागून रांग पालथी घालतो, किल्लीचं बटण दाबत राहतो आणि कुठे दिवे लुकलुकतात का ते बघतो. यात दोघांच्या स्मरणशक्तीचा संबंध फारसा नाही. अ‍ॅन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी 1980 मध्ये दृष्टीच्या शोधकामाबद्दल एक सिद्धान्त मांडला. हवी असलेली वस्तू रंगासारख्या एकाच ठळक गुणाने वेगळी असेल, तर आजूबाजूला दहा वस्तू असोत की शंभर, ती सापडायला जवळपास सारखाच वेळ लागतो. ती जणू स्वतःच पुढे येते. पण ओळख पटवायला दोन-तीन बारीकसारीक गुण जुळवून पाहावे लागत असतील, तर लक्ष एकेका वस्तूवर न्यावं लागतं आणि गर्दी वाढेल तसा वेळही वाढतो. करड्या एसयूव्हींच्या रांगेत करडी एसयूव्ही शोधताना नेमकं हेच होतं.

आणि हल्ली रांगा तशाच असतात. कारचे रंग पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या दरवर्षी जगभरातल्या नव्या गाड्यांच्या रंगांचा हिशेब प्रसिद्ध करतात. पांढरा, काळा, करडा आणि चंदेरी या चौघांनीच दर पाच नव्या गाड्यांमधल्या साधारण चार व्यापलेल्या असतात. दशकभराहून अधिक काळ पांढरा पहिल्या क्रमांकावर आहे. त्याआधीची बरीच वर्षं चंदेरीची होती. अलीकडे करडा वेगाने वर चढतो आहे. ज्यांना रोज दोन-तीन तास रस्त्यावर काढावे लागतात, त्यांना हे आकडे कुणी सांगायची गरज नाही. समोर तीच गाडी, आरशात तीच गाडी, शेजारच्या लेनमध्येही तीच.

हा कंटाळा खरा असतो आणि त्यामागे मेंदूचं काम आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा दिसली तरी ती आवडू लागते. हे खरं असेल तर करड्या गाड्यांवर आपला जीव जडायला हवा होता. पण मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांच्या 1970 सालच्या प्रयोगांनी दुसरी बाजू समोर आणली. गुंतागुंतीच्या प्रतिमा वारंवार पाहिल्या की अधिक भावतात, साध्या प्रतिमा मात्र वारंवार पाहिल्या की नकोशा होतात. एकेकटी पाहिली तर करडी गाडी देखणी असते, आणि हे मी मनापासून म्हणतो. तिची रेष स्वच्छ दिसते, ती शांत वाटते. चाळिसावी करडी गाडी समोर येईपर्यंत तिच्यात पाहण्यासारखं नवं काही उरलेलं नसतं. म्हणून कंटाळ्याचा दोष त्या रंगावर टाकणं मला पटत नाही. तो संख्येचा परिणाम आहे.

मग ही संख्या आली कुठून? रस्ते एकरंगी होण्याची ही पहिली वेळ नाही. 1908 मध्ये आलेली फोर्डची मॉडेल टी सुरुवातीला हिरव्या, लाल, निळ्या, करड्या रंगांत मिळत होती. 1914 पासून 1925 पर्यंत मात्र ती फक्त काळी निघाली. काळा लेप स्वस्त होता आणि टिकाऊही होता. शिवाय एकच रंग ठेवला की साठा सांभाळणं, नळ्या धुणं, रंग बदलेपर्यंत ताटकळणं, सगळंच वाचत होतं. 1927 मध्ये तिचं उत्पादन थांबलं तोवर दीड कोटी मॉडेल टी बाहेर पडल्या होत्या. त्या काळातला रस्ता कसा दिसत असेल, याची कल्पना आजच्या माणसाला सहज यावी.

ती कोंडी फोडली रसायनशास्त्राने. त्याआधी महागड्या गाड्यांवर तेल आणि व्हार्निशचे थर हाताने चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. यात आठवडे जात. ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून ‘ड्यूको’ हा लॅकर बनवला, तो फवारता येत होता आणि काही तासांत वाळत होता. 1924 च्या मॉडेलसाठी जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड या ब्रँडच्या गाड्यांवर तो निळ्या रंगात वापरला. दोनच वर्षांत फोर्डलाही रंगांकडे परतावं लागलं. पुढे 1950 च्या दशकात तर एकाच गाडीवर फिकट हिरवा आणि मलईसारखा पांढरा असे दोन-दोन रंग दिसू लागले.

आजच्या गाडीचा रंग हा प्रत्यक्षात चार थरांचा पापुद्रा असतो. आधी अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक लेप बसवतात. त्यावर प्रायमर, मग खरा रंग असलेला बेस कोट, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून जाडी भरते साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे जाडसर केसाएवढी. त्यातला रंगाचा थर तर बहुधा दहा ते वीस मायक्रोमीटरचाच असतो (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गाडीच्या रंगाची आवडनिवड, भांडणं, हौस, सगळं या वीस मायक्रोमीटरमध्ये सामावलेलं आहे. एवढ्या पातळ थराने खालचा प्रायमर पूर्ण झाकायचा असतो, आणि इथेच काही रंग बाजी मारतात, काही मागे पडतात.

पांढऱ्याची ताकद टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये आहे. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना किती वळेल हे त्यांच्या अपवर्तनांकांतल्या फरकावर ठरतं. पेंटमधल्या रेझिनचा अपवर्तनांक सुमारे 1.5 असतो. हिऱ्याचा 2.4. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल या स्फटिकरूपाचा तब्बल 2.7 च्या आसपास. त्याचे कण 0.2 ते 0.3 मायक्रोमीटरचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मे केले, की ते सगळ्याच रंगांचा प्रकाश जोरकसपणे विखुरतात. आत शिरलेला किरण खाली पोहोचण्याआधीच वळून वळून बाहेर पडतो आणि आपल्याला शुभ्र, अपारदर्शक पृष्ठभाग दिसतो. हा पदार्थ उन्हाने विटत नाही. काळ्यासाठी लागणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, त्याच्याइतकीच चिवट. ती चिमूटभर मिसळली तरी भरपूर प्रकाश शोषते. आणि करडा म्हणजे या दोघांचं मिश्रण. जगातली दोन सर्वांत भरवशाची रंगद्रव्यं एकत्र आली की करडा तयार होतो.

लाल आणि पिवळ्याची गोष्ट अवघड आहे. पूर्वी शिशाच्या क्रोमेटपासून झगझगीत पिवळे आणि नारिंगी रंग बनत. ते स्वस्त होते, उत्तम झाकत होते, पण विषारी असल्यामुळे गाड्यांच्या पेंटमधून मागे हटले. त्यांच्या जागी आलेली सेंद्रिय रंगद्रव्यं दिसायला सुंदर, मात्र महाग आणि अनेकदा अर्धवट पारदर्शक. त्यामुळे जास्त हात द्यावे लागतात, किंवा खाली त्याच छटेचा प्रायमर लागतो. लाल रंगद्रव्य लाल दिसतं ते निळा-हिरवा प्रकाश शोषून. हे किरण लाल किरणांपेक्षा जास्त ऊर्जेचे, त्यात अतिनील किरणांची भर. वर्षानुवर्षं हा मारा सोसून रेणूंचे बंध तुटतात आणि जुन्या लाल गाड्यांची टपं गुलाबीसर पडतात. 1980 च्या दशकात क्लिअर कोट सर्रास झाला, त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं आली, तेव्हापासून ही पडझड खूप कमी झाली आहे. जुना अनुभव मात्र खरेदीदारांच्या मनात टिकून राहिला.

चंदेरीचं सगळं कसब अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्यांत आहे. दहा-वीस मायक्रोमीटर रुंद आणि एका मायक्रोमीटरहूनही पातळ अशा या चकत्या थर वाळताना पत्र्याला समांतर आडव्या पडतात. समोरून पाहिलं की आरशासारखा प्रकाश परतवतात, तिरकं पाहिलं की काळवंडतात. त्यामुळे दाराची प्रत्येक वळी, बॉनेटचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. हल्लीचा तो सपाट, बिनचकाकीचा, ओल्या सिमेंटसारखा करडा याच्या उलट टोकाला आहे. त्यात चकत्या जवळजवळ नसतात आणि रंग सगळीकडून सारखाच दिसतो. अनेकांना तो पाहून गाडी प्रायमरवरच थांबल्यासारखी वाटते. ही तक्रार मला रास्त वाटते, कारण प्रायमरही बहुधा करडाच असतो आणि त्यातही चकत्या नसतात.

पांढऱ्या-चंदेरीचा एक फायदा मोजून दाखवता येतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2011 मध्ये एकाच बनावटीच्या काळ्या आणि चंदेरी गाड्या शेजारी-शेजारी उन्हात ठेवल्या. काळ्या गाडीचं टप चंदेरीपेक्षा 25 अंश सेल्सिअसपर्यंत जास्त तापलं, आणि तासाभरानंतर आतली हवा पाच-सहा अंशांनी जास्त गरम भरली. उष्ण हवेत राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवून रंग निवडला तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

सुरक्षिततेचा दावा इतका सरळ नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चंदेरी गाड्यांमधल्या माणसांना गंभीर इजा होण्याचं प्रमाण पांढऱ्या गाड्यांच्या तुलनेत जवळपास निम्मं आढळलं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या 2007 च्या अभ्यासात मात्र पांढरा सर्वांत सुरक्षित गटात आला आणि काळा, करडा, चंदेरी यांचा धोका त्याहून जास्त निघाला. गाडी कोण चालवतो, कधी, कुठे, यावर इतकं अवलंबून असतं की एकटा रंग वेगळा काढणं कठीण जातं. एक गोष्ट मात्र डोळ्यांच्या रचनेतूनच येते. वस्तू दिसायला तिच्यात आणि पार्श्वभूमीत उजेडाचा फरक लागतो. करडा डांबरी रस्ता, करडं आभाळ, चाकांनी उडवलेला पाण्याचा करडा फवारा आणि त्यात दिवे न लावलेली करडी गाडी. पावसात लेन बदलताना अशी गाडी आरशात शेवटच्या क्षणी उमटते. चालकांना या रंगाचा जो खरा राग येतो तो इथे येतो, आणि तो अगदी योग्य आहे. उपाय रंगापेक्षा सोपा आहे. पावसात दिवसाही दिवे लावावेत. संध्याकाळी तर लालसुद्धा कामाला येत नाही. उजेड मंदावला की डोळ्यातल्या दंडपेशी काम हाती घेतात. त्यांना लाल प्रकाश जवळपास दिसतच नाही, त्यामुळे लाल गाडी काळसर भासते. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच टिपलं होतं.

रंगाच्या जोडीला आकारही सारखे झाले. वेगात जाणाऱ्या गाडीची बरीचशी ऊर्जा हवा कापण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की आठपट. 1982 च्या ऑडी 100 चा वायुरोध गुणांक (हा जितका कमी, तितका हवेचा अडथळा कमी) 0.30 होता, 2021 च्या मर्सिडीज ईक्यूएसचा 0.20 आहे. हवेचे नियम सगळ्या कंपन्यांना सारखेच, त्यामुळे उत्तरंही एकमेकांच्या जवळ येतात. त्यात पादचाऱ्याच्या डोक्याला इंजिन लागू नये म्हणून बॉनेट उंच ठेवणं आलं, उलटल्यावर टप दबू नये म्हणून जाड खांब आले, आणि एकाच सांगाड्यावर चार-पाच ब्रँडच्या गाड्या बांधण्याची रीतही आली.

तरीही रंग बदलणं आकार बदलण्याइतकं अवघड नाही, आणि पिवळी गाडी आवडणारी माणसं जगात कमी नाहीत. तीच माणसं शेवटी पांढरी गाडी घेतात. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936 मध्ये शेअर बाजाराला एका स्पर्धेची उपमा दिली होती. शंभर चेहऱ्यांमधून सहा सुंदर चेहरे निवडायचे, आणि बक्षीस त्याला, ज्याची निवड सर्वांच्या सरासरी निवडीच्या सर्वांत जवळ जाईल. तिथे आपल्याला काय आवडतं याला अर्थच राहत नाही. इतरांना काय आवडेल असं इतरांना वाटतं, याचा अंदाज बांधावा लागतो. गाडी घेणारा मनातल्या मनात हाच खेळ खेळतो. पाच-सात वर्षांनी ही कोण विकत घेईल? त्याला पिवळी चालेल का? डीलरही हाच विचार करून पांढऱ्या आणि करड्या गाड्या उभ्या ठेवतो. शोरूममध्ये तेच दिसतं म्हणून गिऱ्हाईक तेच उचलतं, आणि विक्रीचे आकडे पाहून कारखाना पुढच्या वर्षी तेच रंगवतो. यात कुणीही मूर्खपणा केलेला नसतो. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाच दाखवलेला असतो, आणि त्या सगळ्या शहाणपणांची बेरीज म्हणजे आपल्यासमोरची करडी रांग.

गंमत म्हणजे हा अंदाज अनेकदा चुकतो. अमेरिकेत वापरलेल्या गाड्यांच्या किमतींचे जे हिशेब निघाले, त्यांत पिवळ्या गाड्यांची किंमत सर्वांत कमी घसरल्याचं एकाहून अधिक वेळा दिसलं. पिवळी हवी असलेली माणसं थोडी, पण उपलब्ध पिवळ्या गाड्या त्याहून थोड्या. पांढरी विकायला काढणाऱ्याला शंभर पांढऱ्यांशी स्पर्धा करावी लागते. 2023 मध्ये फियाटने करड्या गाड्या बनवणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि कंपनीच्या प्रमुखांसह एक गाडी नारिंगी रंगाच्या टाकीत बुडवून दाखवली. जाहिरात होती हे उघड आहे, पण एका कारखान्याने हे चक्र स्वतःहून तोडलं याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

ज्यांना कारखान्याची वाट पाहायची नाही त्यांच्यासाठी आता रंगीत फिल्म आहे. विनाइलचा चिकट पातळ पडदा अख्ख्या गाडीवर ताणून बसवतात, कोपऱ्यांवर गरम हवेने सैल करून दाबतात. मोरपंखी, केशरी, जांभळा, हवा तो रंग. काही वर्षांनी तो सोलून काढता येतो. म्हणजे रस्त्यावर आपल्याला आवडतो तो रंग मिरवायचा, आणि विकायची वेळ आली की फिल्म काढून पुढच्या गिऱ्हाइकासाठी जपलेला खालचा पांढरा पुढे करायचा.