स्क्रोलबार स्टायलिंग

वेब पानावरच्या स्क्रोलबारचा रंग, जाडी, आकार सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने) बदलणं म्हणजे स्क्रोलबार स्टायलिंग. काहीच लिहिलं नाही तर ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टीम देईल तो डिफॉल्ट बार दिसतो.

ह्याची सुरुवात कुठून धरायची यावर मतं वेगळी आहेत. बरेच डेव्हलपर वेबकिटपासून (सफारीचं ब्राउझर इंजिन) मोजतात, कारण २००९ च्या सुमारास वेबकिटचे डेव्हलपर डेव्ह हायट यांनी मांडलेली स्यूडो-एलिमेंट, म्हणजे बारच्या एकेका भागाला वेगळं स्टाइल करायची सीएसएसमधली नावं (वेबकिट-स्क्रोलबार, थंब म्हणजे ओढायचा तुकडा, ट्रॅक म्हणजे तो सरकतो ती पट्टी, बटन, कॉर्नर वगैरे) क्रोममध्येही आली आणि आजही सर्रास कॉपी-पेस्ट होतात. पण त्याच्या बऱ्याच आधी, साधारण २००० साली इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये स्क्रोलबार-फेस-कलर, स्क्रोलबार-ट्रॅक-कलर अशा प्रॉपर्टी (सीएसएसच्या सेटिंग) होत्या, त्यात बाणाचा रंग वेगळा, सावलीचा वेगळा, उजेडाच्या कडेचा वेगळा, म्हणजे त्या काळच्या उठावदार बारचा प्रत्येक कोपरा रंगवायची सोय. ऑपेरानेही त्या पुढे घेतल्या. एक्सप्लोररवाली बाजू जास्त पटते, कारण आजच्या स्टँडर्डमधली स्क्रोलबार-कलर ही प्रॉपर्टी थंब आणि ट्रॅक असे दोनच रंग घेते, म्हणजे जुन्या आठ-एक प्रॉपर्टींचं सार तेवढं उरलंय, आणि हायट यांची स्यूडो-एलिमेंट मात्र त्यात घेतलेली नाहीत.

हे स्टँडर्ड म्हणजे सीएसएस स्क्रोलबार्स स्टायलिंग मॉड्यूल, लेव्हल १. कित्येक वर्षं जुन्या दोन्ही पद्धतींतलं काहीच न घेणारं फायरफॉक्स इथे पहिलं आलं, व्हर्जन ६४ (डिसेंबर २०१८), क्रोम थेट १२१ मध्ये (जानेवारी २०२४). जाडी ठरवणाऱ्या स्क्रोलबार-विड्थला ऑटो (डिफॉल्ट), थिन (बारीक), नन (बारच नको) एवढ्याच किमती चालतात, पिक्सेलमध्ये जाडी देता येत नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर चार पिक्सेलच्या थंबवर माउस धरताना लोकांच्या नाकी नऊ येतात. रंग आतल्या एलिमेंटकडे वारशाने जातो, जाडी जात नाही, म्हणून रूटवर (पानाच्या सगळ्यात बाहेरच्या एलिमेंटवर) दोन्ही लिहून आतल्या बॉक्सचा बार जाडच का राहिला असा प्रश्न पडतो. शिवाय क्रोम १२१ पासून एखाद्या एलिमेंटवर यातली एक जरी प्रॉपर्टी ऑटो सोडून लावली की त्याचे वेबकिटवाले नियम सरळ दुर्लक्षित होतात, म्हणून दोन्ही एकत्र लिहिणारे सपोर्ट्सची अट (ब्राउझरला एखादी गोष्ट चालते का ते तपासणारा सीएसएस नियम) घालतात.

बार बदलावा की डिफॉल्टच ठेवावा यावरही वाद आहे, आणि डिफॉल्टच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मॅकचा. २०११ च्या लायन या मॅक ऑपरेटिंग सिस्टीमपासून तिथे ट्रॅकपॅड असेल तर बार मजकुरावर तरंगतो आणि स्क्रोल थांबलं की गायब होतो, पण वेबकिटचे नियम लावले की तो जुन्या पद्धतीचा, कायम दिसणारा आणि जागा खाणारा होतो, युजरने सेटिंगमध्ये काहीही निवडलेलं असो. कॉन्ट्रास्टचंही तसंच. डब्ल्यूसीएजी २.१ (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) मधला कंट्रोल आणि मागचा रंग यांच्यात किमान ३:१ कॉन्ट्रास्ट हवा हा नियम ब्राउझरच्या न बदललेल्या कंट्रोलला लागू नाही, रंग बदलला की जबाबदारी साइटवाल्याची. हाय कॉन्ट्रास्ट मोडमध्ये मात्र स्क्रोलबार-कलर आपोआप ऑटोवर जातो.

मोबाइलवर बार मुळातच बारीक आणि तरंगता, त्यामुळे तिथे स्टायलिंगला फारसा वाव नाही.